दारू सोडणाऱ्यांच्या सभेला जायचे कसे : विदर्भातील खेड्यांतल्या वाचकांसाठी

दारू सुटावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याला खेड्यात सल्ला देणारे पुष्कळ मिळतात. पण स्वतः दारूत बुडालेला होता आणि आज न पिता जगतो आहे असा माणूस शेजारी बसून बोलायला क्वचितच मिळतो. स्वमदत गटाच्या सभेत तोच मिळतो. तेथे डॉक्टर, कीर्तनकार किंवा पुढारी समोर बसून उपदेश करीत नाहीत; पिणारेच एकमेकांना आपण कसे पीत होतो, काय गमावले आणि आता दिवस कसा काढतो ते सांगतात. यांपैकी सर्वांत जुन्या आणि सर्वदूर पसरलेल्या सभा ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ए.ए. या नावाने ओळखल्या जातात. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक अशा दोन मद्यपींच्या भेटीतून त्यांची सुरुवात झाली आणि १९५७ पासून त्या भारतात भरू लागल्या. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचा किंवा त्यांहून सरस ठरला. विदर्भातील खेड्यात राहणाऱ्या माणसाला ही सभा उपयोगी पडेल की नाही, हा प्रश्न फारसा कठीण नाही. तेथपर्यंत पोहोचायचे कसे आणि ओळखीच्या मुलखात तोंड उघडायचे कसे, या दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत.

आधी शरीराचे पाहावे

सभा हा औषधोपचार नव्हे. सकाळी उठल्याबरोबर पव्वा पोटात गेल्याशिवाय ज्याच्या हातांची थरथर थांबत नाही, किंवा पूर्वी कधी दारू तुटल्यावर ज्याला झटके आले आहेत, त्याने ‘आजपासून बंद’ असे ठरवून घरी पडून राहणे जिवावर बेतू शकते. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. नसलेली माणसे दिसणे, अंगावर किडे चालल्याचा भास होणे, दिवस-रात्रीचे भान सुटणे ही लक्षणे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतात. अशा रुग्णाला बाहेरची बाधा झाली असे समजून मांत्रिकाकडे नेण्यात जो वेळ जातो, त्या वेळात माणूस दगावू शकतो. त्याला १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून सरळ रुग्णालयात न्यावे. प्रकृती इतकी बिघडलेली नसेल तरी रोज पिणाऱ्याने आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवावे, रोज किती आणि केव्हापासून पितो ते न लपवता सांगावे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू थांबवावी. नागपूर, यवतमाळ, अकोला, गोंदिया आणि चंद्रपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, तसेच सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय यांपैकी जे जवळ पडेल ते गाठता येईल.

दारू सोडवण्याची पुडी किंवा गोळी पिणाऱ्याच्या नकळत भाजीत वा चहात कालवून देण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही आढळते, आणि ती देणारी बहुतेक वेळा हताश झालेली आई किंवा पत्नी असते. त्या पुडीत डायसल्फिराम, म्हणजे दारूशी गाठ पडताच शरीरावर उलटणारे औषध, असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब एकदम घसरून मृत्यूही येऊ शकतो. हे औषध डॉक्टर रुग्णाच्या संमतीनेच देतात. उलट बाजूने, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या सभेतील एखाद्या उत्साही सदस्याने ‘आता याची काय गरज’ म्हणून सोडायला सांगितल्या, तर त्याचे ऐकू नये, औषधोपचाराविषयी ए.ए.चे स्वतःचे कोणतेही मत नाही आणि सदस्याला तसा सल्ला देण्याचा अधिकारही नाही.

पत्ता काढणे

व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तेथे आपला जिल्हा आणि तालुका सांगून जवळचे उपचार केंद्र आणि स्वमदत गट दोन्ही विचारावेत. मन फार खचले असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर थांबू नये. टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. ए.ए.च्या सभांची यादी त्यांच्या मुंबई येथील सेवा कार्यालयाच्या संकेतस्थळावर असते. ती मोबाइलवर स्वतः पाहता येत नसेल, तर शिकलेल्या मुलाकडून किंवा पुतण्याकडून पाहून घेण्यात कमीपणा नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे समाजसेवक आणि व्यसनमुक्ती केंद्रांतील समुपदेशक यांच्याकडे छापील यादीपेक्षा ताजी माहिती असू शकते, कारण बरा होऊन घरी जाणाऱ्या रुग्णाला सभेशी जोडून देणे हा त्यांच्या कामाचा भाग असतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखूमुक्तीचे अभियान चालू आहे आणि त्याचे उपचार क्लिनिक तालुक्याच्या ठिकाणी भरते. हे क्लिनिक म्हणजे ए.ए.ची सभा नव्हे. परंतु अहेरी किंवा धानोऱ्याकडच्या माणसाला नागपूरची वाट धरण्याआधी तेथे जाणे सोयीचे पडेल.

यादीत नाव आहे म्हणून सभा भरतेच असे गृहीत धरू नये. गट लहान असला की एक कार्यकर्ता आजारी पडला किंवा त्याची बदली झाली तरी सभा बंद पडते आणि कागदावर मात्र ती चालूच राहते. म्हणून दिलेल्या क्रमांकावर आदल्या दिवशी फोन करावा आणि सभा या आठवड्यात नक्की आहे का, कोठे, किती वाजता, आणि ती खुली आहे की बंद, एवढे विचारून घ्यावे. बंद सभेत फक्त दारूचा प्रश्न असलेलेच बसतात; खुल्या सभेत घरचे माणूस, मित्र किंवा केवळ जाणून घेऊ इच्छिणारा माणूसही बसू शकतो. पहिल्या वेळी भावाला किंवा पत्नीला सोबत न्यायचे असेल तर खुली सभा निवडावी.

फोनवर कोणी दाखला, आधार क्रमांक किंवा प्रवेश शुल्क मागितले, तर तो फोन ए.ए.चा नाही असे समजावे. सभेला शुल्क नसते, नोंदवहीत नाव घालावे लागत नाही, आणि सदस्य होण्यासाठी दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट असते. ‘खात्रीने दारू सोडवतो’ अशी पाटी लावून नातेवाइकांकडून रक्कम उकळणारी आणि माणसाला डांबून ठेवणारी ठिकाणे सभांहून पूर्णतः वेगळी आहेत. नातलगाला केंद्रात भरती करण्याची वेळ आलीच, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली त्या केंद्राची नोंदणी आहे का, हे कागद पाहून विचारावे.

शेवटची गाडी

शहरातील सभा बहुधा संध्याकाळी, नोकरी सुटल्यानंतर भरतात, आणि खेड्यातल्या माणसाची नेमकी तेथेच अडचण होते, कारण सभा संपेपर्यंत गावाकडची मुक्कामी एसटी निघून गेलेली असते. सभा साधारण तास ते दीड तास चालते. तेव्हा परतीची गाडी आधी पाहावी आणि मग सभा निवडावी. हा क्रम उलटा केला तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच जाणे सुटते. रविवारी दिवसा भरणारी सभा मिळाली तर उत्तम. तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी सभा असेल तर आणखी बरे, कारण बाजाराला जाणाऱ्याला कोणी कारण विचारीत नाही. मात्र बाजाराचा दिवस, हातात आलेले पैसे आणि बाजाराच्या कडेचे देशी दारूचे दुकान या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, हेही लक्षात घ्यावे. आधी सभा आणि मग बाजार असा क्रम ठेवावा, आणि मोठी रक्कम घरीच ठेवावी. सभा थोड्या लवकर सोडावी लागणार असेल तर सुरुवातीलाच सूत्रसंचालकाला सांगावे; त्यात अपमान कोणी मानीत नाही.

नवख्या माणसाने नव्वद दिवसांत नव्वद सभा कराव्यात असा सल्ला जुने सदस्य देतात. ज्यांच्या शहरात रोज कोठे ना कोठे सभा असते त्यांच्यासाठी तो ठीक आहे. आर्णी किंवा सिरोंचा तालुक्यातील शेतमजुराला तो जमणारा नाही आणि दारूमुक्त राहण्यासाठी ए.ए.ने घालून दिलेल्या ज्या बारा पायऱ्या आहेत, त्यांपैकी तो एकही नाही. रोजची मजुरी बुडवून नव्वद वेळा प्रवास करणारा माणूस महिन्याभरात कर्जापायी पुन्हा पिऊ लागेल. त्याऐवजी आठवड्यातून एक सभा न चुकता धरावी, आणि मधल्या दिवसांत एखाद्या जुन्या सदस्याला रोज ठरलेल्या वेळी फोन करावा. मोबाइलवरून भरणाऱ्या ऑनलाइन सभा हा दुसरा आधार आहे. घरात खासगी जागा नसेल तर शेतात, ज्या धुऱ्यावर रेंज मिळते तेथे बसून, कानाला इअरफोन लावून आणि कॅमेरा बंद ठेवून त्यात सामील होता येते. माझ्या मते ऑनलाइन सभेने प्रत्यक्ष सभेची जागा पूर्ण भरून निघत नाही, कारण सभेच्या आधी आणि नंतर चहाच्या टपरीवर जे बोलणे होते ते पडद्यावर होत नाही. पण जेथे दुसरा मार्गच नाही तेथे ती पुरेशी मौल्यवान आहे.

पहिली सभा

दहा मिनिटे आधी पोहोचावे. शाळेची खोली, चर्चचे सभागृह, दवाखान्याची ओसरी, समाजमंदिर अशा कोणत्याही जागी सभा भरू शकते. जागा चर्चची असली तरी ए.ए.चा कोणत्याही धर्माशी किंवा पंथाशी संबंध नसतो. प्रार्थनेत आणि पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो ज्याला जसा समजेल तसा मानायचा आहे. विठ्ठलाची माळ घातलेला, बुद्धवंदना घेणारा, पेनठाण्यावर, म्हणजे गोंडांच्या देवस्थानावर, डोके टेकवणारा आणि कशावरच विश्वास नसलेला असे चौघेही एका सतरंजीवर बसू शकतात.

सूत्रसंचालक सुरुवातीला मजकूर वाचून दाखवतो, मग एकेक जण आपले नाव सांगून, आपण मद्यपी आहोत असे म्हणून बोलतो. पूर्ण नाव, गाव, आडनाव सांगण्याची गरज नसते. विदर्भातल्या बैठकीत आडनाव आले की पाठोपाठ जात, सोयरीक आणि वावर येतेच, म्हणून केवळ पहिल्या नावावर थांबण्याची ही रीत आपल्याकडे विशेष उपयोगाची आहे. पाळी आली आणि बोलावेसे वाटले नाही, तर ‘आज मी ऐकतो’ एवढे म्हणून पुढच्याकडे पाळी द्यावी. बोलायचे असेल तर स्वतःविषयीच बोलावे. कोणाला सल्ला देऊ नये आणि कोणाचे बोलणे खोडून काढू नये. प्रमाण मराठी येत नाही म्हणून संकोच करण्याचे कारण नाही. वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, जी भाषा घरात बोलतो तीच येथे बोलावी.

शेवटी डबा फिरतो. त्यात दहा रुपये टाकले तरी चालते आणि काहीच टाकले नाही तरी चालते. हा पैसा जागेचे भाडे, चहा आणि पुस्तिका यांसाठी असतो. त्या दिवशी पिऊन गेल्यास बहुतेक ठिकाणी बाहेर काढीत नाहीत, फक्त बोलू नये आणि गडबड करू नये अशी अपेक्षा असते. तरीही न पिता गेलेलेच बरे, कारण प्यालेल्या अवस्थेत ऐकलेले दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

एका सभेवरून निष्कर्ष काढू नये. गटागटात फार फरक असतो. काही गट नुसते रडगाणे गातात, काही फार शिस्तीचे असतात, काहींत एकच जुना सदस्य अर्धा तास बोलतो. निदान चार-सहा सभा कराव्यात आणि शक्य असेल तर दोन वेगळे गट पाहावेत. ज्या सदस्याचे जगणे आपल्याला पटते आणि जो काही वर्षे न पिता आहे, त्याला आपला स्पॉन्सर, म्हणजे या वाटेवरचा सोबती-मार्गदर्शक, व्हाल का असे विचारता येते. पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीला स्पॉन्सर करावे असा संकेत आहे. स्पॉन्सरकडून उसने पैसे घेऊ नयेत आणि त्यालाही देऊ नयेत.

गावात नाव कसे राखायचे

‘सभेला गेलो तर सगळ्या गावाला कळेल,’ ही भीती जवळजवळ प्रत्येक जण बोलून दाखवतो. खरे पाहता तो पितो हे गावाला ठाऊकच असते. पोळ्याच्या करीच्या दिवशी कोण कोठे पडला होता हे लहान पोरेही सांगू शकतात. तेव्हा जे राखायचे असते ते पिण्याचे गुपित नव्हे. सभेत माणूस जे बोलतो, म्हणजे बायकोवर उगारलेला हात, चोरून विकलेली कापसाची गाठोडी, भावाच्या नावावर काढलेले कर्ज, ते बाहेर जाऊ न देणे महत्त्वाचे असते. शहरात सभेतील माणसे एरवी एकमेकांना भेटत नाहीत म्हणून हे आपोआप साधते. खेड्यात मात्र सभेत शेजारी बसलेला माणूस आपला धुरेकरी असू शकतो, आणि त्याच्याशी बांधाचा वाद तहसीलमध्ये चालू असू शकतो.

यासाठी सुरुवातीचे काही महिने आपल्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूरची सभा धरावी, ती जवळ असलेल्या सभेपेक्षा गैरसोयीची असली तरी. मन स्थिर झाले की जवळची धरावी. ज्या गोष्टीवरून फौजदारी खटला किंवा जमिनीचा दावा उभा राहू शकतो, ती भर सभेत न सांगता एकट्या स्पॉन्सरला किंवा समुपदेशकाला सांगावी, कारण सभेतील गुप्तता ही सदस्यांनी एकमेकांना दिलेल्या शब्दावर उभी आहे. तिला कायद्याचे संरक्षण नाही. सभेतील माणूस बाजारात दिसला तर आपण होऊन सभेचा विषय काढू नये. सोबत आलेल्या तिसऱ्या माणसाने ‘हे कुठले ओळखीचे’ असे विचारल्यास ‘बाजारातले’ म्हणावे आणि पुढे जावे. सभेत मोबाइलवर चित्रीकरण करणे, समूह छायाचित्र काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे हे कटाक्षाने टाळावे, सदस्याच्या दारूमुक्तीचा वाढदिवस असला तरीसुद्धा.

वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. तेथील माणसाला आणखी एक शंका असते, की मी पितो असे चारचौघांत कबूल केले तर पोलिसांत जाईल. सभेत हजेरी नसते, नावनिशीवार कागद नसतो आणि पोलिसांना कळवण्याची पद्धत नाही. फक्त आपण कोणाच्या भट्टीवर पीत होतो, माल कोण आणतो, ही नावे घेऊ नयेत. त्याचा आपल्या दारू सोडण्याशी संबंध नसतो आणि गावात त्यातून वैर उभे राहते. दारूबंदी असावी की नसावी या वादातही सभा पडत नाही. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, या दोन्ही निर्णयांवर तेथल्या सदस्यांची मते वेगवेगळी असतील. ती सभेच्या दाराबाहेर ठेवावी लागतात.

घरच्यांसाठी

पिणारा सभेला जायला तयार नसला तरी त्याच्या पत्नीला किंवा आईला वाट पाहत बसण्याची गरज नाही. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ नावाचे वेगळे गट असतात. दारूच्या बाटल्या फोडणे, उधारी फेडणे, कामावर खोटे निरोप पाठवणे यांतून बाहेर कसे पडायचे ते तेथे अनुभवी बायका सांगतात. त्यांचे गट ए.ए.पेक्षाही विरळ आहेत, म्हणून ऑनलाइन सभेचा विचार आधी करावा. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा जाणे अनेकींना परवडू शकते. घरात मारहाण होत असेल तर सभा हा त्यावरचा उपाय नव्हे. १८१ या महिला मदत क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करावा.

पिणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे नाहीत असे समजून चालणाऱ्या वाचकाने धानपट्ट्यातल्या आणि जंगलपट्ट्यातल्या मोहाच्या दारूचा विचार करावा. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने बसणे अवघड असल्यास पहिल्याच फोनवर तसे सांगावे आणि एखाद्या स्त्री सदस्याचा क्रमांक मागून घ्यावा.

घसरण झाली तर

कापूस विकून पैसे आले, लग्नसराई सुरू झाली, पोळा किंवा होळी आली, निवडणुकीत फुकट वाटप सुरू झाले, की जुने पिणारे पुन्हा पिऊ लागतात. या दिवसांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच स्पॉन्सरला द्यावी आणि त्या त्या दिवशी सकाळी फोन करावा. वरातीत जावेच लागले तर न पिणाऱ्या एका माणसासोबत जावे आणि जेवण झाल्याबरोबर निघावे. एवढे करूनही प्यायल्यास पुढच्या सभेला जावे आणि ‘माझी स्लिप झाली’ असे सांगावे. तेथे बसलेल्यांपैकी बहुतेकांची ती कधी ना कधी झालेली असते. देवळात आजन्म न पिण्याची शपथ घेऊन ती मोडलेला माणूस लाजेने वर्षभर त्या देवळात पाऊल ठेवीत नाही. सभेत मात्र आजच्या एका दिवसापुरते न पिण्याचे ठरवलेले असते, त्यामुळे परत येण्याची वाट मोकळी राहते.

जवळपास सभाच नसेल तर

दारूपासून दूर राहण्याच्या एकाच हेतूने दोन-तीन मद्यपी एकत्र बसले की तो ए.ए.चा गट होऊ शकतो, असे ए.ए.ची परंपरा सांगते. त्यासाठी सरकारी परवाना किंवा संस्था नोंदणी लागत नाही. मात्र नुकतीच दारू सोडलेल्या दोघांनीच गट काढण्याची घाई करू नये. काही महिने दुसऱ्या गटात जाऊन पद्धत शिकावी आणि त्या गटातील जुन्या सदस्यांना सुरुवातीच्या सभांना बोलवावे.

जागा मागताना सरपंचाच्या घराची ओसरी किंवा पक्षाचे कार्यालय टाळावे, कारण निवडणूक आली की अर्धे सदस्य तेथे पाय ठेवणार नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने सुट्टीच्या दिवशी मिळू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्राची ओसरीही चांगली. एखाद्या वाडीची किंवा मोहल्ल्याची म्हणून ओळखली जाणारी जागा घेतली, तर बाकीचे तिकडे फिरकत नाहीत. ज्या गावात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तेथे त्या वेळेशी टक्कर होणार नाही अशी वेळ ठेवावी; प्रार्थनेला येणाऱ्या जुन्या माणसांचा पाठिंबा गटाला उपयोगी पडतो, परंतु सभा आणि प्रार्थना यांची सरमिसळ करू नये.

स्थानिक नेता सतरंज्या, खुर्च्या किंवा चहाचा खर्च देऊ करील, आणि देताना छायाचित्र काढू इच्छील. ए.ए. बाहेरची देणगी घेत नाही, असे नम्रपणे सांगून नकार द्यावा. सदस्यांच्या डब्यातून जेवढा चहा होईल तेवढाच करावा. सभेचा दिवस आणि वेळ पेरणी असो की सोंगणी, बदलू नये. एकच माणूस आला तरी त्याने ठरलेला वेळ संपेपर्यंत खोली उघडी ठेवून बसावे. दोन-तीन महिने सभा नियमित भरली की सेवा कार्यालयाला कळवून गटाचे नाव यादीत घालून घ्यावे, आणि संपर्कासाठी एका ऐवजी दोन सदस्यांचे क्रमांक द्यावेत, म्हणजे एकाचा फोन बंद असला तरी पुढच्या गावाहून चौकशी करणाऱ्याला उत्तर मिळेल.